सोलापुरातलं विरळ आडनाव: अर्थ लावण्याआधी काय तपासायचं

हिरेमठमध्ये हिरा शोधू नका. कानडीत ‘हिरे’ म्हणजे थोरला. थोरला मठ तो हिरेमठ. कोंडा आपल्याकडे गव्हाचा, तेलुगूत मात्र डोंगर. गड्डम म्हणजे तेलुगूत दाढी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याशी, म्हणजे इथल्या यात्रेशी, त्याचा काही संबंध नाही. इथे एकाच गल्लीत तीन भाषांची आडनावं नांदतात, म्हणून अर्थाला हात शेवटी घालायचा.

आधी जुन्यात जुनी नोंद मिळवा. आजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा, मग जमिनीचे जुने फेरफार, मग तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. अर्ज करताना गाव आणि अंदाजे साल द्यावंच लागतं. अक्कलकोट 1948 पर्यंत वेगळं संस्थान होतं आणि मंगळवेढा सांगली संस्थानात, तिथल्या नोंदी शोधताना हे ध्यानात असू द्या. जुनी पानं बहुधा मोडी लिपीत असतात. मोडीत इ-ई, उ-ऊ वेगळे लिहीत नाहीत. तेव्हा ह्रस्व-दीर्घावर अर्थाचा इमला उभारला की तो कोसळतो.

तेलंगणातून आलेल्या विणकर घरांत वेगळीच गुंतागुंत. तिथे आडनावाला ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचं नाव म्हणतात आणि ते माणसाच्या नावाआधी येतं. मराठी कारकून शेवटचा शब्द आडनाव धरतो, आणि माणसाचं नावच पुढच्या पिढ्यांना चिकटतं. चुलतभावांच्या दाखल्यांवर वेगवेगळी आडनावं दिसली तर पहिली शंका हीच घ्या.

पुढे उच्चार. कानडी-तेलुगूत ए आणि ओ यांचे ह्रस्व-दीर्घ वेगळे असतात, देवनागरीत ते एकच होतात. कानडीत ‘केरे’चा ए आखूड, अर्थ तळं, ‘केरी’चा लांब, अर्थ गल्ली. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून आडनाव म्हणवून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ती भाषा लिहिणाऱ्याकडून त्याच लिपीत लिहून घ्या. मगच शब्दकोश उघडा.

बैल घेऊन वंशावळ सांगत येणारे हेळवी तुमच्या घराचे असतील तर त्यांना अर्थ नव्हे, मूळ गाव आणि कूळ विचारा; अर्थ ऐकणाऱ्याच्या आवडीचा सांगितला जातो. पंढरपूर-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांतही गाव सापडतं. गावाच्या नावावरून आडनाव पडलंय असं वाटलं तर त्याच नावाची दुसरी गावं नकाशावर पाहा, आणि गोत्र व कुलदैवत जुळतंय का तेही. आडनाव एक पण गोत्र वेगळं, तर घराणी बहुधा वेगळी.