मांडीवर ऑक्सिजन सेन्सर लावण्याआधी

सायकल, ट्रेनर (सायकल जागेवर चालवायचा स्टँड), स्नायूतल्या रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलाय ते प्रकाशाने मोजणारा, चार्ज केलेला सेन्सर, पाणी. हे कुणी विसरत नाही. विसरला जातो तो थर्मिस्टर, म्हणजे त्वचेचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर. गेल्या वेळी तोच राहिला आणि अख्खा आलेख टाकून द्यावा लागला. म्हणून आधी तो पिशवीत, मग बाकीचं.

सेन्सरचा प्रकाश स्नायूत जातो त्वचेतून आणि परत येतो तोही त्वचेतूनच. अंग तापलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्वचेला स्वतःला ऑक्सिजन फारसा लागत नसल्याने तिथलं रक्त ऑक्सिजनने भरलेलंच राहतं आणि सेन्सर तेही मोजतो. वॅट, म्हणजे पेडलवरचा जोर, तेच, पण ऑक्सिजनचा आकडा चढतो. गंमत म्हणजे गरम स्नायूत हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं, म्हणजे आकडा खाली यायला हवा. त्वचेचं तापमान लिहिलेलं नसेल तर साधा संशय घ्यायलाही आधार उरत नाही.

जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूची, व्हॅस्टस लॅटरॅलिस या स्नायूवर. गुडघ्याच्या वाटीपासून टेपने मोजा, पेनने खूण करा. केस काढा, तेल, क्रीम काही नको. कॅलिपरने त्वचा आणि चरबीच्या चिमटीची जाडी घ्या: चिमटीत थर दुहेरी येतो, म्हणून 16 मिमी आली तर स्नायूवरचा थरच 8 मिमी. सेन्सरचा दिवा आणि परत आलेला प्रकाश टिपणारा डिटेक्टर यांत 25 मिमी अंतर असेल तर प्रकाश साधारण 12 मिमीच खोल जातो. उरलं काय?

थर्मिस्टर सेन्सरच्या शेजारी 2 सेंमीवर, त्याच काळ्या कापडाखाली. सेन्सरच्या खाली सरकवू नका, फट पडून उजेड शिरतो. क्रेप बँडेज बेताने. करकचून बांधलं की रक्तच अडतं.

पंखा पहिल्यापासून, त्याच अंतरावर, त्याच वेगाने. घाम फुटल्यावर मध्येच लावलात तर मांडी एकदम गार पडते आणि आलेखात पायरी दिसते, जी स्नायूची नसते. उन्हातून आलात तर हाफ पँटवर 15 मिनिटं नुसते बसा. 5 मिनिटांत तापमान 0.2 अंशांहून जास्त हललं नाही की सुरू करा, आधी नाही.

टप्पे 4 मिनिटांचे, दर वेळी 25 वॅट वाढवून. प्रत्येकाच्या शेवटच्या 30 सेकंदांत वॅट, नाडी, ऑक्सिजन आणि त्वचेचं तापमान. प्रत्येक टप्प्याला. फक्त सुरुवातीचं आणि शेवटचं घेऊन भागत नाही.

घड्याळं जुळवा. घाम पुसताना सेन्सरला हात नको. टेप सुटली की तो टप्पा बाद. फाइल लगेच उतरवा, थर्मिस्टरचीही.