नवीन वर्षात घराचा वेग कमी करायचाय? पौषातच सुरुवात करा

नवीन वर्ष आलं की बहुतेक घरांत यादी तयार होते, पहाटे उठायचं, योगा सुरू करायचा, मुलांना अजून एक क्लास लावायचा, आणि हे सगळं आधीच गच्च भरलेल्या दिवसात कोंबायचं. घराला जरा उसंत मिळावी असं खरंच वाटत असेल तर यंदा नवीन काही सुरू करू नका, आधी कमी करा. आणि कमी करायला आपल्याकडे गोव्यात पौषासारखा महिना नाही. पौषात लग्नामुंजींचे मुहूर्त नसतात, वास्तुशांतसुद्धा लोक पुढे ढकलतात, त्यामुळे साधारण डिसेंबर संपता संपता ते जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत, एखाद्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, पत्रिका येऊन पडत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर जी पळापळ सुरू होते ती इथे जरा थांबते आणि माघ लागला की परत सुरू. मधल्या या आठवड्यांत काय ते ठरवा आणि संवसर पाडव्यापर्यंत, म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत, चालवून बघा. अडीच-तीन महिने. वर्षभराचं ठरवायला जाऊ नका, ते फेब्रुवारीतच सुटतं.

पहिलं काम, नवीन कालनिर्णय भिंतीवर टांगायच्या आधी जेवणाच्या टेबलावर घ्या आणि सगळ्यांनी भोवती बसा, आजी-आजोबा असतील तर त्यांनाही बोलवा, कारण कुठल्या जत्रेला कोणाचं जाणं चुकत नाही हे त्यांनाच नीट माहीत असतं. आपल्याकडे गंमत अशी की मुहूर्त नसले तरी जत्रा असतात. पौषात फातर्पेची जत्रा, म्हापशात बोडगेश्वराची, पुढे माघात मंगेशी, कवळे, शिवाय गावागावात देवळांतले काले आणि रात्रभर चालणारी दशावतारी नाटकं. सगळीकडे जायचं म्हटलं तर माणूस नुसता रस्त्यावर आणि पार्किंग शोधण्यात. आमच्या घरी नियम असा की कुळदेवाची आणि गावची जत्रा ठरलेली, तिथे घाई न करता जायचं, पालखी बघायची, जत्रेतला गोड खाऊ, खाजें, घ्यायचा, ओळखीचे भेटतात त्यांच्याशी उभं राहून बोलायचं. बाकीच्यांतली वर्षाला एक, ती पण मुलांनी निवडायची. यामुळे देव रागावत नाही, आणि नातेवाईक रागावले तर दोन दिवसांत विसरतात.

मग दर महिन्याचे दोन रविवार पेनने सरळ मोकळे म्हणून लिहून टाका. रिकामी चौकट ठेवून भागत नाही, ती कोणीतरी भरतोच. ‘घरी’ असं लिहिलेलं असलं की फोनवर कोणी विचारलं तर ‘त्या रविवारी आम्ही नाही’ असं सांगता येतं आणि ते खोटं नसतं. कारण द्यायची गरज नाही हे लक्षात ठेवा, आपली माणसं कारण दिलं की त्यावर उपाय सुचवतात.

मुलांचे क्लास हा सगळ्यात अवघड भाग, म्हणून त्यावर जरा थांबते. फोंड्यात, म्हापशात, मडगावात कुठेही संध्याकाळी चारनंतर बघा, दप्तर टाकून मूल लगेच ट्यूशनला, तिथून तबल्याला, मधल्या दिवशी कराटे, शनिवारी ड्रॉइंग, आणि आई किंवा बाबा स्कूटरवर बाहेर थांबलेले. यातलं प्रत्येक चांगलंच असतं, म्हणून तर काढवत नाही. मी एक कसोटी सुचवते. सुट्टीच्या दिवशी कोणी न सांगता मूल कशाला हात लावतं ते बघा. पेटी उघडून बसत असेल तर गाणं ठेवा, बॅट घेऊन मैदानावर पळत असेल तर खेळ ठेवा. अभ्यासाची ट्यूशन खरंच लागत असेल तर ती, आणि त्याच्या आवडीचं एक. बाकीचं पाडव्यापर्यंत बंद. सरांना किंवा बाईंना आधी स्वतः भेटून सांगा, मेसेज टाकून सोडू नका, मुलाला परत यावंसं वाटलं तर दार उघडं राहतं. आपल्या गोव्यात तर गाणं-बजावणं क्लासबाहेरही आहे, देवळात भजन असतं, तिथे मूल मोठ्यांच्या बाजूला बसून टाळ धरायला शिकतं आणि ते फुकट आहे, आठवड्यातून एक संध्याकाळ पुरते. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर त्याच्या वेळापत्रकाला यंदा हात लावू नका, परीक्षा संपू दे.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. घर संथ करायच्या नादात घरातली बाई जास्त धावायला लागते हे फार ठिकाणी होतं. बाहेरचं खाणं बंद, मग घरी कोण करणार? पाहुण्यांना निवांत घरीच बोलवू, मग भांडी कोण घासणार? सगळे बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, गप्पा मारत बसलेत आणि एक माणूस आत खोबरं वाटतंय, याला मी संथ घर म्हणणार नाही. म्हणून प्रत्येक बदल ठरवताना एक प्रश्न विचारा, यातलं काम कोणाच्या अंगावर पडतंय, आणि उत्तर दर वेळी तेच येत असेल तर तो बदल सोडा किंवा काम वाटून घ्या.

स्वयंपाकात सगळ्यात जास्त दमवतं ते ‘आज काय करू’ हे रोज ठरवणं. आठवड्याचे वार बांधून टाका. आपल्या बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतोच, म्हणजे दोन दिवस आयते ठरलेले, एक दिवस मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी), एक दिवस तोंडाक (कडधान्याची उसळ). बुधवार-शुक्रवार नुस्तें म्हणजे मासे, हुमण (माशांची आमटी) आणि भात, भाजलेला किंवा तळलेला एखादा तुकडा, त्यापुढे काही नाही. मासे बाजारातून कापून साफ करून आणायचे आणि ते काम घरातल्या पुरुषांचं. जानेवारीत भाजीबाजार कसला सुंदर असतो, वायंगणाची, म्हणजे हिवाळी लागवडीची, तांबडी भाजी, मुळे, वाल, आगशीची वांगी, फार काही न करता नुसती फोडणी आणि वर खोबरं टाकलं तरी जेवण होतं. संध्याकाळच्या चहाला पोदेर, म्हणजे पाववाला, दारावर पोळी आणि उंडे हे पाव घेऊन येतो, त्या दिवशी वेगळा नाश्ता करत बसायची काहीच गरज नाही. तेच तेच खातो असं मुलं म्हणतील, म्हणू दे, महिन्याभरात ‘आज शुक्रवार, आज नुस्तें’ म्हणून वाट बघायला लागतात.

आणि मोकळ्या रविवारी पेज करा. उकडा तांदूळ एक वाटी, दोन-तीनदा धुवायचा, जाड बुडाच्या टोपात सात-आठ वाट्या पाणी उकळायला ठेवून त्यात सोडायचा आणि गॅस बारीक. कुकर नको. झाकण थोडं कलतं ठेवा, नाहीतर उतू जाते. मधूनमधून डाव तळापर्यंत घालून ढवळायची, पाऊण तास तरी लागतो, शीत बोटात धरून दाबलं की मऊ व्हायला पाहिजे पण फुटून लगदा नको, आणि पाणी पांढुरकं दाटसर दिसायला लागलं की मीठ घालून बंद. सोबत खारातली कैरी किंवा सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर). सकाळी दहा-अकराला पेज घेतली की दुपारच्या जेवणाची घाई आपोआप संपते, दोन वाजता जेवलं तरी चालतं. दहा वर्षांचं मूल हे करू शकतं, मोठ्यांनी फक्त आसपास असायचं. घरातल्या मुलग्यांना हे शिकवाच.

दुपारचं बोलायचं तर आपल्याकडे अजून बरीच दुकानं एक वाजता शटर ओढतात ते साडेतीन-चारला उघडतात. बाहेरचे लोक याला आळस म्हणतात, आपणही हल्ली जरा शरमेने सांगतो. मला तर वाटतं ही गोष्ट जपायला हवी. नोकरी करणाऱ्यांना रोज जमणार नाही हे खरंय, पण शनिवार-रविवारी एक ते चार घर बंद ठेवा, म्हणजे कोणाला फोन नाही, बाहेर जाणं नाही, वॉशिंग मशीन नाही, झोपायचं नसेल त्याने वाचावं, गोधडीवर लोळावं. त्या वेळात घरकामही करायचं नाही हा भाग महत्त्वाचा, नाहीतर सगळे झोपल्यावर कोणीतरी कपाट आवरत बसतं.

संक्रांत आली की हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कोणाकडे ना कोणाकडे, ऑफिसवरून आल्यावर साडी नेसून तीन घरं, आणि आपल्या घरचं करायचं तर चाळीस बायकांचं वाण, प्लॅस्टिकचे डबे, नाश्त्याच्या डिश. वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, तीन-चार घरांनी मिळून एकाच संध्याकाळी, एकाच्या अंगणात करा. खर्च वाटला जातो, बायकांना एकाच फेरीत सगळ्या भेटतात आणि बसून बोलायला वेळ मिळतो, जो एरवी कधीच मिळत नाही. वाण म्हणून वापरून संपेल असं काही द्या, जायफळ, मिरी, नारळ, आंघोळीचा साबण, किंवा घरी केलेलं तुळशीचं, मिरचीचं रोप. डबे कोणालाच नको असतात, सगळ्यांच्या माळ्यावर पडलेत. खायला तिळगूळ आणि उसळ, बस. आणि ज्या गावात पौषात धालो हा बायकांचा उत्सव असतो तिथल्या बायकांनी मांडावर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागी, जाणं सोडू नका, रात्री जेवणं उरकून बायकाच बायका जमतात, ओव्या म्हणतात, फेर धरतात. त्या रात्री मागची भांडी आणि पोरांना झोपवणं घरच्यांनी बघावं, एवढं त्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

फोनबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. दिवेलागणीला तुळशीकडे दिवा लागला की सगळ्यांचे फोन एका परडीत, जेवून होईपर्यंत, मोठ्यांचेसुद्धा. आजारी माणूस घरात असेल किंवा कोणाची ड्युटी असेल तर एक फोन रिंगवर ठेवा, बाकीचे नाही. नातेवाईकांचे, सोसायटीचे, शाळेचे ग्रुप सोडायची हिंमत होत नसेल तर शाळेचा ठेवून बाकीचे कायमचे म्यूट करा, दिवसातून एकदा बघितलं तरी काही अडत नाही.

बाहेर पडायचं तर नाताळ ते नवीन वर्षाच्या आठवड्यात कळंगूट-बागाच्या बाजूला आपण जाण्यात अर्थ नाही, तो ट्राफिक ज्यांना सुट्टी कमी आहे त्यांना घेऊ दे. एकतीसच्या रात्री वाड्यावरची मुलं ओल्ड मॅन नावाचा पुतळा बनवतात, गवत भरून, जुने कपडे घालून, तेवढा जल्लोष पुरे. नंतर एखाद्या मोकळ्या रविवारी सकाळी रायबंदरला गाडी ठेवा आणि फेरीबोटीने चोडण बेटावर जा. पलीकडे उतरल्यावर जवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीतून चालायची वाट, थंडीत बाहेरून आलेले पक्षी दिसतात. किंवा जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बाजूलाच वाहतं पाणी, तिथे सकाळी लवकर पोचलं तर गर्दीच्या आधी तासभर नुसतं बसता येतं. एका दिवसात एकच ठिकाण करा, ‘जाता जाता अजून तेवढं’ असं कोणी म्हटलं की तिथेच नाही म्हणा.

एक अडचण नक्की येणार, ती आधीच सांगते. पहिले दोन-तीन आठवडे मुलं कंटाळतील, ‘आता काय करू’ म्हणून मागे मागे फिरतील, चिडचिड करतील, आणि मोठ्यांनाही मोकळा वेळ टोचायला लागेल, हात सारखा परडीकडे जाईल. त्या वेळी क्लास परत लावू नका आणि त्यांचं मन रमवायची जबाबदारीही अंगावर घेऊ नका. हाताशी काही वस्तू ठेवा, पत्ते, कॅरम, रंग, जुनी वर्तमानपत्रं, सायकलला हवा भरून ठेवा, अंगणात खड्डा खणायला खोरं द्या. आजीला सोलं (आमसुलं) निवडायला किंवा पापडाचं पीठ मळायला कोणीतरी लागतंच, तिथे पाठवा. साधारण अर्धा-पाऊण तास कुरकुर चालते आणि मग मूल कशाला तरी लागतं. तेवढा वेळ आपण त्याच्याकडे बघत न राहता आपलं पुस्तक उघडून बसायचं.