क्लायमेट चेंजची डिस्टन्स एमएस्सी बनवताय? मग या चुका टाळा

एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रम समितीवर होतो, तिथं आम्ही काय काय घोळ घातले ते सांगतो, म्हणजे तुम्ही निदान नवे घालाल.

पहिला घोळ तासांचा. दूरशिक्षणात 1 क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे 30 तास, सेमिस्टरला 20 क्रेडिट टाकले की झाले 600, म्हणजे सहा महिने रोज सव्वातीन तास, रविवार-दिवाळी धरून. आणि विद्यार्थी कोण, तर तलाठी, झेडपीचे गुरुजी, पाणलोटाच्या कामावरच्या ताई. अतिवृष्टीचे पंचनामे लागले की तलाठी महिनाभर पुस्तकाला हात लावत नाही, आणि आम्ही असाइनमेंटची तारीख ठेवली होती ऑगस्टमध्ये! कोर्स हवामानाचा आणि पावसाळाच विसरलो.

दुसरं प्रॅक्टिकल. आयएमडीचा, म्हणजे भारतीय हवामान विभागाचा, पावसाचा ग्रिडेड डेटा फुकट मिळतो, 1901 पासूनचा, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींचा, एक नंबर आहे, पण ती नेटसीडीएफ फाइल (हवामानाच्या डेटाचा खास फॉरमॅट) मोबाइलवर उघडेना आणि बऱ्याच जणांकडे लॅपटॉपच नाही. मग ज्याच्या त्याच्या तालुक्यावरच्या चौकटीचा 1991 ते 2020 चा रोजचा पाऊस काढून साधी एक्सेल शीट करून दिली, वर्षाची बेरीज, कोरडे दिवस, 100 मिमीच्या वरचे दिवस, सगळं त्यांनीच मोजायचं. पायथन प्रोग्रामिंग दुसऱ्या वर्षाला. याचा एक फायदा लक्षातच आला नव्हता. आधी दर दुसऱ्या असाइनमेंटमध्ये 26 जुलै 2005, सांताक्रूझ, 944 मिमी, म्हणून हवामान बदल सिद्ध, असं यायचं. एका दिवसाचा पाऊस म्हणजे वेदर, क्लायमेट बघायला 30 वर्षं लागतात, हे लेक्चरमध्ये कितीदा सांगितलं, शून्य फरक. 30 वर्षांच्या ओळी स्वतः चाळल्यावर ते वाक्य आपोआप गेलं.

छापील पुस्तकात रोज बदलणारं काही घालू नका. आमच्यात आरसीपी सिनॅरिओ, म्हणजे पुढं हरितगृह वायू किती वाढतील याची गृहीतकं, छापले होते, तेवढ्यात आयपीसीसीच्या (यूएनच्या हवामान बदल समितीच्या) सहाव्या अहवालात त्यांच्या जागी एसएसपी नावाचे नवे सिनॅरिओ आले आणि पोरं विचारायला लागली, सर नक्की कुठलं? हरितगृह परिणाम छापा, बाकी दरवर्षीच्या पुरवणीत.

यूजीसीची मान्यता हातात येईपर्यंत अ‍ॅडमिशनची जाहिरात अजिबात नको.

आणि ‘भारतातील हवामान बदल’ असा प्रोजेक्ट आला की सरळ परत पाठवा. गावातल्या दहा विहिरींची पातळी, नाहीतर हापूसचा मोहोर कधी आला, एवढं खूप झालं.