जिप्सीचं मागचं चाक झुलत होतं
ओढ्यातल्या धोंड्यावर जिप्सी धाडकन आदळली आणि चाळीसच्या पुढे मागून झुलायला लागली. आधी रिमवर संशय. डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल केली, तरी झुलणं डावीकडेच.

मग पुढच्या चाकांना दगड लावून मागची बाजू जॅकवर घेतली, ड्रम काढला, फ्लँजसमोर (चाक ज्यावर बोल्टने बसतं ती चकती) सळई बांधली आणि हाताने फिरवत बघितलं. फट कधी दोन मिलिमीटर, कधी शून्य. म्हणजे चाक फिरवणारा ॲक्सल शाफ्टच वाकलेला. (हाऊसिंग, म्हणजे शाफ्टभोवतीची न फिरणारी नळी, वाकलं असतं तर चाक कायम कललेलं दिसलं असतं, झुललं नसतं.)

मिस्त्री म्हणाला, "प्रेसवर सरळ करून देतो." नको म्हटलं, एकदा वाकलेल्या शाफ्टवर माझा भरवसा नाही. नवा शाफ्ट टाकला, सोबत बेअरिंग आणि ऑइल सील. सील गळून ब्रेक शू गिअर तेलाने माखलेले, तेही बदलले.

जुना शाफ्ट आता फाटकाला अडसर म्हणून लावलाय.