गच्चीची कडी कुणी उघडी ठेवली?

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे मी ३१ वर्षं बसले. दाखला न्यायला घरचं माणूस पहिल्यांदा क्वचितच येतं, येतो तो शेजारी. बहुतेक जण अर्ज देतात, पावती घेतात आणि जातात. पण वर्षातून एखादा असा यायचा, की त्याची धावपळ जरा जास्तच वाटायची. नावातली वेलांटी तपासायचा, पाच प्रती मागायचा, आणि दाखला हातात पडला की वरपासून खालपर्यंत काहीतरी शोधायचा. मृत्यूचं कारण दाखल्यावर छापत नाहीत, १९६९च्या कायद्यातच तसं आहे. हे सांगितलं, की त्याचे खांदे खाली यायचे. माझ्या कादंबरीतली शेजारीण मला अशा खांद्यांमध्ये सापडली.

निवृत्तीनंतर लिहिलेली माझी पहिली कादंबरी ३४० पानांची होती. त्यात तीन खून, एक तोतया भाचा आणि विहिरीतली पेटी होती. प्रकाशकांनी ती परत पाठवली, आणि बरंच केलं. दुसरी लिहिताना जे उमगलं ते सांगते. शेजारातली रहस्यकथा लिहायला बसला असाल तर उपयोगी पडेल.

खून शोधू नका. एक वाक्य शोधा. पहिल्याच दिवशी बोललं असतं तर रडारड, बोलाचाली होऊन मिटलं असतं असं वाक्य. पहिल्या दिवशी राहून गेलं, दहाव्या दिवशी जड झालं, वर्षाने तोंडातून काढणं अशक्य झालं असं वाक्य. सावकाराच्या व्याजासारखं ते वाढलं पाहिजे. माझ्या कादंबरीतलं वाक्य आहे, "गच्चीची कडी मीच उघडी ठेवली होती." हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पुस्तक संपत येईपर्यंत कुणाच्याही तोंडी घालू नका. कादंबरीभर तणाव राहतो तो एवढ्यावरच.

आता प्रसंग. डोंबिवलीतली तीन मजली इमारत, १९९४चा मे महिना. वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं. एका घरात विस्मरण झालेली सासू आणि तिचं सगळं करून थकलेली सून. सासू उठून कुठेही जाते, म्हणून इमारतीत ठरलेलं आहे की गच्चीच्या दाराला कडी लावायचीच. समोरच्या काकू सकाळी साबुदाण्याच्या पापड्या घालायला वर जातात. प्लास्टिक पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवतात. तेवढ्यात खाली त्यांच्या घरातला फोन वाजतो. इमारतीत फोन त्यांच्याकडेच, बाकी सगळ्यांचा नंबर पी.पी., म्हणजे काकूंचाच, शेजारी बोलावून देतील असा. हात चिकट, फोन वाजतोय, कडी राहून जाते. फोन सुनेसाठी असतो. काकू हाक मारतात, सून दार ओढून न घेताच धावत येते आणि सात मिनिटं बोलते. तेवढ्यात सासू काठी घेऊन वर जाते, कारण आयुष्यभर तिने वाळवणावरचे कावळे हाकलले आहेत आणि तेवढं ती विसरलेली नाही. उतरताना जिन्यावरून पडते.

यात कुणीही वाईट नाही, हे लक्षात घ्या. एका फोनने दोन दारं उघडी राहिली, आणि दोघी बायका आपापल्या घरात बसून समजतात की म्हातारीला आपणच मारलं. वाचकाला दोन्ही दारं माहीत असतात, त्या दोघींना एकेकच. कोण आधी बोलेल, एवढ्यासाठी तो पानं उलटतो. पहिल्या मसुद्यात मी वाचकापासूनही कडी लपवली होती. शेवटी एकदा तो "अरेच्चा" म्हणाला, आणि संपलं. आता कडी दुसऱ्याच प्रकरणात दिसते, आणि सून काकूंकडे विरजण मागायला आली तरी वाचकाचा जीव वरखाली होतो.

चूक आणि गुन्हा यांच्यामध्ये एक छोटी कृती टाका. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. कडी राहणं ही चूक. पण खाली आरडाओरडा सुरू झाल्यावर काकू वर जातात आणि ओल्या पापड्यांसकट प्लास्टिक गुंडाळून घरी आणतात. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही. इथून पुढे त्या निष्पाप राहत नाहीत. चार दगड मात्र तिथेच राहतात.

त्या दगडांचं काम पोलीस आल्यावर. इथे कायद्याची थोडी माहिती हवी, नाहीतर वाचक हसतो. असा मृत्यू झाला की पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. लगेच खुनाचा गुन्हा वगैरे नोंदवत नाहीत. मग पंचनामा. त्या काळात तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचा. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ येईल. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, आणि आपल्यासाठी ती सोन्यासारखी आहे. पंच म्हणून आसपासच्याच दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांना बोलावतात. म्हणजे कोणाला? शेजाऱ्यांना! माझ्या कादंबरीत काकूंचे यजमानच पंच आहेत. गच्चीवर चौकोनात मांडल्यासारखे चार दगड त्यांना दिसतात. मे महिना आहे, घरात कालपासून साबुदाणा भिजत होता. ते सही करतात आणि घरी येऊन जेवायला बसतात. त्या जेवणावर मी अकरा पानं खर्च केली आहेत. तुम्हीही अशा जागी कंजुषी करू नका, पाठलाग आणि फोनवरच्या धमक्या कापा.

दुःख दाखवताना "तिच्या डोळ्यांत अश्रू तरळले" हे लिहायची गरज पडू नये. आपल्याकडे दुःखाचं वेळापत्रकच आहे, ते वापरा. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात जातो. पहिल्या दिवशी डबा कोण नेतं? काकू. सून तो घास गिळते आणि म्हणते, "काकू, तुम्ही होतात म्हणून निभावलं." जिथे माणूस गेलं तिथे दिवा लावतात, काही घरांत त्याच्याजवळ पीठ पसरून पुढच्या जन्माचं पाऊल उमटतं का ते बघतात. भेटायला आलेली प्रत्येक बाई त्या पिठाकडे बघते, काकू बघत नाहीत. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवत नाही. मुलगा एकेक वचन देत जातो, नातवाची मुंज करू, गावचं घर विकणार नाही, बायकोला बोल लावणार नाही. कावळे भिंतीवर बसून राहतात. मागे उभे असलेले पंच, म्हणजे काकूंचे यजमान, मनातल्या मनात काहीतरी म्हणतात. ते काय म्हणाले, हे मी लिहिलेलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवतात. इथे एक सावधगिरी: हे विधी जातीजातीत, घराघरांत वेगळे असतात. एका कुटुंबाचे ठरवा, त्यांच्यातल्या वयस्क बाईला विचारा आणि मग लिहा.

सुनेचा अपराधीपणा जास्त अवघड आहे, कारण त्यात सुटका मिसळलेली आहे. सासू गेल्यावर चौथ्या रात्री ती सलग सात तास झोपते. सकाळी उठल्यावर तिला स्वतःची किळस येते. हे मला सुचलेलं नाही, माझ्याच घरातलं आहे, यापेक्षा जास्त सांगणार नाही. तुमच्याकडेही असं काहीतरी असेल. ते पात्राला द्या, पण नातं आणि गाव बदला.

काळाचा हिशेब चोख ठेवा. कालनिर्णय १९७३पासून निघतंय. आपल्या कथेच्या वर्षाचं जुनं रद्दीत नाहीतर एखाद्या आजीच्या ट्रंकेत मिळालं तर बघा. तिथी, सुट्ट्या तर कळतातच, पण दुधाचे खाडे, गॅसची तारीख, कुणाची देणी हेही त्यावर लिहिलेलं असतं. माझ्या कादंबरीत सून हिशेब लावते तो असाच. त्या तारखेच्या चौकोनात काकूंच्या घरच्या कालनिर्णयावर "साबु. २ किलो" लिहिलेलं असतं, आणि सासूच्या हातात काठी का होती हा तिचा चार महिन्यांचा प्रश्न तिथे सुटतो.

आजच्या काळातली कथा लिहीत असाल तर जिन्यातला कॅमेरा आधी निकालात काढा. बंद होता म्हणणं फार सोपं. चालू होता, पण चित्रण सोसायटीच्या सेक्रेटरीने एकट्याने पाहिलं आणि तो गप्प राहिला, हे जास्त बरं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "हा मेसेज डिलीट करण्यात आला" ही ओळही कडीपेक्षा कमी नाही.

संवादात शेजारी खरं बोलत नाहीत, पाण्याबद्दल बोलतात. "आज पाणी लवकर गेलं ना?" या वाक्यात काकूंनी चार महिने किती काय काय कोंबलं आहे! कबुलीही मोठ्या प्रसंगात ठेवू नका. माझ्याकडे ती जिन्यात होते, दोघींच्या हातांत भाजीच्या पिशव्या असताना. सून ऐकते, किल्ली काढते, कुलूप उघडते आणि म्हणते, "फोन माझा होता." दार लागतं. पुढे चार पानं आहेत, त्यात दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

लिहून झाल्यावर हस्तलिखित लेखक मित्राला देण्याआधी शेजारणीला द्या. मी माझ्या शेजारच्या वहिनींना दिलं. आठ दिवसांनी त्यांनी बाड परत केलं, सोबत वाटीभर चिवडा. भाषा, शैली यावर एक शब्द नाही. दारातच उभ्या राहून विचारलं, "त्या गुंडाळून आणलेल्या पापड्यांचं पुढे काय झालं हो?" मी तिसऱ्या प्रकरणानंतर त्या साफ विसरले होते. घरी येऊन पुन्हा लिहायला बसले. आता त्या वाळवून स्टीलच्या डब्यात भरलेल्या, माळ्यावर आहेत, आणि बाविसाव्या प्रकरणात दिवाळीच्या साफसफाईला सूनच काकूंना मदत म्हणून स्टुलावर चढते.