जुन्या आउटबोर्डला स्पार्क येत नाही? सीडीआय बॉक्स मागवण्याआधी हे तपासा

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे लावलेलं इंजिन. सेल्फ फिरतो, पेट्रोल पोचतं, पण इंजिन काही सुरू होत नाही. असं झालं की पहिला सल्ला ठरलेला: ‘सीडीआय गेलाय, नवा टाका.’ सल्ला देणाऱ्याने बहुतेक वेळा मीटर लावलेलाही नसतो. सीडीआय म्हणजे ठिणगीसाठी कॉइलला विजेचा झटका देणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स. तो महाग असतो आणि विकलेला इलेक्ट्रिकल भाग दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. इथलं सगळं सीडीआय असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनांबद्दल आहे. पॉइंटवाल्या (सीडीआयऐवजी यांत्रिक संपर्क असलेल्या) इंजिनात आधी पॉइंट साफ करून गॅप बघा.

बॅटरी. काहीही चालू नसताना 12.6 व्होल्ट हवेत आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाता कामा नये. सेल्फ मंद फिरला तर चांगला सीडीआयसुद्धा ठिणगी देत नाही. बऱ्याच इंजिनांना मिनिटाला 250 ते 300 फेरे लागतातच.

ठिणगी. सगळे प्लग काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि सुरक्षा दोरीची क्लिप (ती निघाली की इंजिन बंद होतं) जागेवर आहे ना ते बघा. प्लग ब्लॉकला टेकवून ठिणगी बघू नका. एक मिलिमीटरची फट मरतुकडी ठिणगीही ओलांडते. गॅप टेस्टर घ्या, साधारण 11 मिलिमीटरवर लावा आणि प्लगच्या भोकांपासून लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी.

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर कॉइलची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली.

सगळेच सिलिंडर मेले असतील तर किल वायर, म्हणजे इंजिन बंद करण्याची वायर, तपासा. खरी गोम इथे आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात. या इंजिनांत ती वायर अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, टेकली की ठिणगी थांबते. म्हणजे त्या वायरीचं आवरण कुठेही फाटून तांबं धातूला लागलं, की चावी ‘ऑन’ असूनही इंजिन स्वतःला बंदच समजतं.

सीडीआयजवळ किल वायरचा जोड सोडवा आणि पुन्हा सेल्फ मारा. जॉन्सन, एव्हिनरूड, मर्क्युरीत ती बहुधा काळी-पिवळी आणि यामाहात पांढरी असते, तरी आकृतीवरून खात्री करा. ठिणगी आली तर बॉक्स ठीक आहे, दोष चावी, क्लिपचा स्विच किंवा हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) आहे. या अवस्थेत इंजिन सुरू झालं तर चावीने बंद होणार नाही. चोक ओढून किंवा पेट्रोल तोडूनच थांबवावं लागेल, म्हणून ही चाचणी फक्त सेल्फपुरती ठेवा आणि प्लग बाहेरच असू द्या.

आता सोडवलेल्या वायरीच्या हार्नेसकडच्या टोकाला मीटरची एक पिन लावा, दुसरी ब्लॉकला. चावी ऑन, क्लिप जागेवर: कंटिन्युइटी (दोन टोकांत विजेचा जोड) अजिबात नको. मग मीटरवर नजर ठेवून हार्नेस वितीवितीने हलवत जा. इंजिन डावी-उजवीकडे वळवा, वर-खाली करा. कव्हरमध्ये शिरताना वायर ज्या रबरातून जाते, तिथे खास बघा. तिथे आवरण चिरतं आणि आत तांब्यावर हिरवी भुकटी धरते. मीटर अधूनमधून बोलला तर जागा सापडली. वरून टेप गुंडाळून भागवू नका, तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडा.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: अशा इंजिनाला कारची चावी कधीही लावू नका. ती ‘ऑन’ला 12 व्होल्ट सोडते. ते किल वायरमधून सीडीआयत गेले की बॉक्स जळतो, आणि नवा टाकला तर तोही जळतो.

किल वायर सुटी करूनही ठिणगी नसेल, तर बॉक्सच्या अर्थिंगचा जोड घासून चकचकीत करा. फ्लायव्हील पुलरने काढून स्टेटर (सीडीआयला वीज पुरवणाऱ्या गुंडाळ्या) बघा: वितळून राळ गळाली असेल तर तो गेलाच. स्टेटर आणि ट्रिगर (ठिणगी कधी द्यायची ते सीडीआयला सांगणारी कॉइल) यांचा रेझिस्टन्स मॅन्युअलशी ताडून पाहा. त्यांचे व्होल्ट साध्या मल्टिमीटरला धरता येत नाहीत, कारण ते क्षणिक झटके असतात. त्यासाठी मीटरला डीव्हीए अडॅप्टर लागतो, तो झटक्याचा कमाल व्होल्ट दाखवतो.

गार असताना चालणारं आणि तापल्यावर मरणारं इंजिन असेल, तर एकेक भाग हेअर ड्रायरने गरम करून तपासा. स्टेटर आणि ट्रिगरचे आकडे बरोबर येऊनही ठिणगी नसेल, तेव्हाच बॉक्स मागवा.