मँटिस श्रिम्प दिसतच नाही? मग डाईव्हला जाताना या चुका टाळा

मुंबईत राहून डायव्हिंगचं वेड लागलं की माणूस कोर्सचा पहिला भाग स्विमिंग पूलमध्ये उरकतो, मग रजा जमवून मालवण नाहीतर कर्नाटकातलं नेत्राणी बेट नाहीतर थेट अंदमान गाठतो आणि बोटीवर बसल्या बसल्या विचारतो, कासव दिसेल का, शार्क दिसेल का. माझा मात्र पहिल्यापासून मँटिस श्रिम्पवर डोळा, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीतला, बिळात राहणारा समुद्री प्राणी. अकरा डाईव्ह झाले, एकही दिसला नाही. बाराव्याला दिसला, आणि तेव्हा ट्यूब पेटली की आधीच्या अकरांमध्येही कुठेतरी असणारच, मीच भलतीकडे बघत बसलेलो.

भलतीकडे म्हणजे सुंदर सुंदर प्रवाळांकडे. सगळे हीच चूक करतात. फोटोत असतो तो हिरवा-निळा-लाल मोरपंखी मँटिस बिळात राहतो, आणि बीळ करतो रीफच्या कडेला, जिथे तुटक्या प्रवाळांचा चुरा आणि वाळू साचलेली असते. डायव्हर लोक त्याला रबल म्हणतात, आपल्या भाषेत सांगायचं तर बिल्डिंग पाडल्यावर उरतं तसं डेब्रिज. तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. तुम्ही बघा, आणि आधी प्राणी नको, बीळ शोधा. तोंडाशी फुटलेले शंख, खेकड्याच्या कवचाचे तुकडे असा कचरा पडलेला असेल तर थांबायचं. ऑक्टोपसच्या दारातही असाच ढीग असतो म्हणा, पण तोही दिसला तर काय वाईट आहे?

माझा तो बारावा चौदा मीटरवर होता. भोकातून आधी फक्त डोळे वर आले, देठावर लावलेल्या दोन दाण्यांसारखे, एक माझ्याकडे बघतोय आणि दुसरा आरामात माझ्या बडीकडे, म्हणजे जोडीच्या डायव्हरकडे. प्रत्येक डोळ्याच्या मधोमध आडवा पट्टा असतो, रंग ओळखणाऱ्या पेशी त्यात. आपल्याकडे रंगाच्या तीन प्रकारच्या पेशी, यांच्यातल्या काही जातींत बारा. गंमत म्हणजे 2014 साली प्रयोग झाला तेव्हा जवळजवळच्या छटा ओळखण्यात हे आपल्यापेक्षा कच्चे निघाले. पण तुम्ही येताय हे मात्र त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं.

म्हणून दिसल्या दिसल्या झेप घेऊ नका. दोन मीटरवर थांबा, श्वास सावकाश सोडा, मिनिटभर काहीच करू नका. आत गेला तरी बहुतेक वेळा परत डोकावतो, चौकस प्राणी आहे. इथे घात होतो तो बॉयन्सीचा, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असं तरंगत राहण्याचा. नवशिक्यांना बोटीवर वजन जरा जास्तच बांधतात, मग खाली पाय बुडतात, फिन्स वाळूत आपटतात आणि गाळ उठून सगळं चहासारखं होतं. डाईव्ह संपताना सिलिंडर जवळजवळ रिकामा असेल तेव्हा बीसीडीतली, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटमधली हवा काढा, नेहमीसारखा श्वास आत घेऊन धरा, पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं तर वजन बरोबर. त्याच्याही खाली गेलात तर पुढच्या डाईव्हला एखादा किलो कमी करून बघा. आणि फोटोसाठी प्रवाळावर गुडघे टेकू नका हो, वाढायला वर्षं लागतात त्याला आणि कायद्याने संरक्षितही आहे.

टॉर्चचं पण तसंच. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच पाण्यात गायब होतो, त्यामुळे पंधरा मीटरवर मोरपंखी मँटिस शेवाळी-राखाडी दिसतो आणि आपण फोटोतले रंग शोधत त्याच्यावरूनच निघून जातो. टॉर्च हवाच, पण थेट बिळात मारला की गेला आत. बाजूने, उजेडाची फक्त कड पडेल असा धरा.

आता हाताचं बोट. ते बिळात घालू नका, काडी घालू नका, ग्लोव्हज आहेत म्हणूनही नाही. हा पुढच्या हातांनी ठोसा मारतो, आणि 2004 साली मोजलेला त्या ठोशाचा वेग सेकंदाला तेवीस मीटरपर्यंत होता, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर, दादर सोडून सुसाट निघालेली फास्ट लोकल डोळ्यासमोर आणा. त्यात ठोशामुळे पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात, त्याचा दुसरा दणका वेगळा. शंख असे फुटतात, बोटाचं काय होईल ते तुम्हीच ठरवा. पुढचे हात फाकवून आतले ठिपके दाखवायला लागला तर ती पोज नाही, धमकी आहे, मागे सरका.

वाळूत राहणारे भालेवाले मँटिस वेगळे, काटेरी हातांनी मासा भोसकणारे. झेब्रा मँटिस तर फूटभराहूनही मोठा होतो. ते बघायचे तर नाईट डाईव्ह. ससून डॉकला ट्रॉलरच्या जाळ्यात मासळीबरोबर येतात ते मातकट, तेही भालेवालेच, फक्त चिखलातले.

मास्कवर धुकं येत असेल तर थुंकी लावून विसळा, मास्क नवा असेल तर आधी घरी आतून साधी पांढरी टूथपेस्ट चोळा. मिशी असेल तर पाणी येणार, तिथे माझ्याकडे उपाय नाही, मी मिशी काढली.

आणि शेवटच्या दिवशीचा हावरेपणा. एकापेक्षा जास्त डाईव्ह केले असतील तर विमानात बसायच्या आधी निदान अठरा तास जाऊ द्यायचे. सकाळची पोर्ट ब्लेअर-मुंबई फ्लाइट असेल तर आदल्या दुपारचा डाईव्ह विसरायचा. मी विसरलो, किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसलो, आणि त्याच डाईव्हला बाकीच्यांना लालभडक अंड्यांचा गोळा हातात धरून बसलेली मँटिसची मादी दिसली. फोटो मला दुसऱ्या दिवशी बोर्डिंगच्या रांगेत व्हॉट्सॲपवर आला.